जुना फोटो दुरुस्त करायचाय? कराडच्या मंडईजवळच्या स्टुडिओचा अनुभव

माझे थोरले काका १९७१ च्या लढाईत आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला कामी आले. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. वय २१. घरात त्यांचा एकच फोटो, बेळगावला ट्रेनिंग संपून कसम परेड (शपथविधी) झाल्यावर काढलेला. पन्नास वर्षं देव्हाऱ्याशेजारी टांगून त्यानं धूर खाल्ला, ओल खाल्ली. एक कोपरा कसरीनं नेला आणि अर्धा फोटो काचेलाच चिकटला.

आधी भाच्यानं तो एका मोबाईल ॲपमध्ये टाकला. दोन मिनिटांत रंगीत! गुळगुळीत गाल, दात दाखवणारं हसू आणि डोक्यावर मरून बेरेट. मरून पॅरावाल्यांची (छत्रीधारी सैनिकांची), मराठ्यांची गडद हिरवी. पण आत्याचं लक्ष टोपीकडे गेलंच नाही. काकांना डोळ्यांनी पाहिलेली आता घरात ती एकटीच. चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "ह्यो कुणाचा रं पोरगा?"

ॲपनं डाव्या भुवईवरची खोक पुसून टाकली होती. लहानपणी विहिरीच्या पायरीवर पडले होते, त्याची.

मग मंडईजवळच्या या स्टुडिओत गेलो. जिना अरुंद आणि उभा आहे. आत्याला वर नेणं जमेना, तर दुकानदार स्वतः खाली येऊन रसवंतीच्या बाकावर बसले. काच बघून पहिलंच वाक्य, "घरी ओढून काढायचा प्रयत्न केला नाहीत ना?" चिकटलेला फोटो ओढला की चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. त्यांनी तो काढलाच नाही. दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड टाकून काचेसकट कॅमेऱ्यानं टिपला आणि पुढचं काम कॉम्प्युटरवर केलं.

रंग नको, हसू नको, खोक तशीच ठेवा, एवढंच सांगितलं होतं. उडालेल्या कोपऱ्यात काय होतं ते दुकानदारांनी आत्यालाच विचारलं. ती सांगत बसली, पण कोपऱ्याचं नाही. रेडिओवर ढाका पडल्याचं ऐकून गावात साखर वाटली, आमच्या आजोबांनीही वाटली. काका गेल्याची तार त्यानंतर आली. जमालपूरची लढाई १० आणि ११ डिसेंबरच्या रात्रीची. टांगाईलच्या रस्त्यानं निसटू पाहणाऱ्या पाकिस्तानी बलुच पलटणीला मराठ्यांनी अडवलं. ढाक्याची शरणागती १६ ची. म्हणजे साखर वाटली तेव्हा काका जाऊन पाच दिवस झाले होते. दुकानदारांनी सगळं ऐकून घेतलं, घड्याळ बघितलं नाही. मागे गिऱ्हाईक उभं होतं, तरी.

कोपरा शेवटी साधा करडा ठेवला. खोटी फुलदाणी रंगवली नाही, हे मला सगळ्यात आवडलं.

आता तक्रारी. वेळ पाळत नाहीत. १६ डिसेंबरच्या आत हवा होता, नंतर मिळाला. आणि न मागता एक नमुना करून ठेवला होता: मागे तिरंगा, वर वाघ, खाली सोनेरी 'अमर रहे'. नको म्हटल्यावर जरा हिरमुसले. तो नमुना पुष्कळ खपतो म्हणे. सातारा जिल्ह्यात घरटी एक फौजी, तेव्हा खपत असणारच. फ्रेम त्यांच्याकडे घेऊ नका, प्लास्टिकची आहे. मी सुताराकडून सागवानी करून घेतली आणि काच फोटोला टेकू नये म्हणून मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घातली.

दुरुस्ती आणि बिनचकाकीच्या कागदावर १२ बाय १५ ची प्रत, मिळून ९०० रुपये. फाईल पेनड्राईव्हवर देतात, पण मागावी लागते. मूळ फोटो त्याच काचेसकट परत घ्या. माझा दोन दिवस त्यांच्या कपाटात राहिला होता.

कामाला पाच तारे, वेळेला दोन. गुरुवारी दुकान बंद.