सौर पंपाच्या नावाखाली आमच्या काकांना लुबाडलं. हे वाचा आणि घरच्यांना सांगा

आमच्या काकांची अंबड तालुक्यात दोन एकर मोसंबी आहे. पाणी विहिरीचं, आणि शेतीची थ्री फेज लाईट पाळीपाळीने: कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास. रात्रपाळी आली की बॅटरी आणि काठी घेऊन निघायचं, चिखलात उभं राहून दारं धरायची, साप-विंचवाचं भ्या वेगळंच. अशा माणसाला सौर पंप म्हणजे रात्रीची झोप. फसवणाऱ्यांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं.

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक आली. ‘प्रधानमंत्री कुसुम योजना, नव्वद टक्के अनुदान, शेवटचे दोन दिवस.’ वेबसाईटवर पंतप्रधानांचा फोटो, अशोकस्तंभ, सगळं जिथल्या तिथं. काकांनी पोराकडून नाव, गाव, मोबाईल नंबर भरून घेतला. लगेच फोन. “काका, अभिनंदन, तुमचं सिलेक्शन झालं. नोंदणीचे ५,६०० रुपये आजच भरा, नाहीतर नंबर दुसऱ्याला जाईल.” मराठी स्वच्छ, बोलणं अदबीचं. पैसे भरताच व्हॉट्सॲपवर शिक्क्यासहित मंजुरीपत्र आलं.

मग जीएसटी. मग विम्याचे. मग गाडीभाडं. दर वेळी नवा क्यूआर कोड, दर वेळी “हे शेवटचं”. मधे एकदा त्या फोनवाल्याने पॅनलच्या स्ट्रक्चरसाठी खड्डे घ्यायला सांगितलं, मापंसुद्धा दिली. काकांनी विहिरीशेजारी चार खड्डे खांदले, सिमेंट आणून ठेवलं, सावली पडते म्हणून बाभळीची मोठी फांदी तोडली. त्यानंतर पॅनलने भरलेल्या ट्रकचा फोटो आला: गाडी निघालीय, ड्रायव्हरच्या डिझेलचे तेवढे टाका. मोसंबीचे आलेले ५२ हजार रुपये असे गेले आणि फोन बंद झाला.

गावात काही जण म्हणाले, अडाणी माणूस, फसणारच. मला हे अजिबात पटत नाही. खऱ्या योजनेतही शेतकऱ्याला पैसे भरावेच लागतात, खऱ्या योजनेतही नव्वद टक्के अनुदान आहे, आणि खऱ्या योजनेत पैसे भरूनही पंपाची वाट बघत बसलेले लोक आम्ही आजूबाजूला बघतो. इतकं सगळं खऱ्यासारखं असताना खोटं ओळखायचं कशावरून? म्हणून खरं कसं चालतं ते नीट सांगतो.

महाराष्ट्रात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना महावितरण राबवते. सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा ५ टक्के. जमीन अडीच एकरापर्यंत असेल तर ३ एचपीचा (एचपी म्हणजे हॉर्सपॉवर, पंपाची ताकद) पंप मिळतो, पाच एकरापर्यंत ५ एचपी, त्यापुढे ७.५ एचपी. काकांचं ते मंजुरीपत्र मी हातात घेतलं तेव्हा पहिली नजर एचपीवरच गेली: दोन एकराला १० एचपी! एवढी एक ओळ खोटेपणा दाखवायला पुरेशी होती, पण हे आकडे शेतकऱ्यापर्यंत पोचवलेत कुणी?

दुसरं, विमा. या योजनेत पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा पंपासोबतच येतो. त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले की तो चोर, एवढं धरून चाला. आपला हिस्सा भरायचा तो महावितरणच्या पोर्टलवर, आपल्या अर्जाच्या नावे. कुणा माणसाच्या खात्यावर किंवा फोनवर आलेल्या क्यूआरवर नाही. पैसे भरल्यावर पुरवठादार यादीतून आपण स्वतः निवडतो आणि त्यानंतर जागेची पाहणी होते. काकांना त्या माणसाने विहीर किती खोल आहे, उन्हाळ्यात पाणी कुठं जातं, हे एकदाही विचारलं नाही. पाण्याची खोली न विचारता कुठला पंप बसतो?

एक गोष्ट जपून सांगतो. ‘पत्त्यात गव्ह डॉट इन असेल तरच खरं’ असा सल्ला सगळे देतात. केंद्राच्या साईटला तो लागू पडतो, पण महावितरणची खरी साईट महाडिस्कॉम डॉट इन आहे. तेव्हा नुसत्या त्या नियमावर राहू नका आणि ग्रुपवरच्या लिंकवरून तर जाऊच नका. शंका आली तर महावितरणच्या उपविभागात जाऊन समोरासमोर विचारा, नाहीतर १९१२ लावा.

आणि पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० हा सायबर हेल्पलाईनचा नंबर फिरवा. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. काकांनी लाजेपायी घरात कित्येक दिवस कुणाला काही सांगितलं नाही, काकूलासुद्धा नाही. आम्ही तक्रार दिली तोवर बहुतेक रक्कम काढून झाली होती. ९ हजार एका खात्यात गोठवलेत, ते सुटायचे बाकी आहेत. घरातलं कुणी फसलं तर आधी रागावू नका. बोलणी बसतील या धाकानेच माणूस गप्प राहतो आणि तेवढ्यात पैसा पार होतो.

काकांचा खरा अर्ज आता पोर्टलवर भरलाय, ३ एचपीचा. तीच लिंक मात्र परवा शेजारच्या गावच्या ग्रुपवर पुन्हा आली होती, तारीख बदलून. तुमच्या ग्रुपवर दिसली तर तिच्याखाली हे सगळं लिहून टाका.