सीपीआरचं एआरटी केंद्र: इलाजाला बाहेरगावी जायची गरज नाही

मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. एचआयव्ही निघाला तेव्हा जवळचा मित्र म्हणाला, "पुण्याला जा, इथं बोभाटा हुईल." मी कोल्हापुरातल्या दसरा चौकाजवळच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातच, तिथल्या एआरटी म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या केंद्रात गेलो. बोभाटा झाला नाही.

गोळी रोज एकच, टीएलडी. टेनोफोविर, लॅमिव्युडीन आणि डोल्युटेग्रॅव्हिर तिन्ही तिच्यातच, आणि फुकट. पण मला खरी किंमत वाटते ती समुपदेशक ताईंची. त्या आधी कामाच्या पाळ्या विचारतात, मग गोळीची वेळ ठरवतात. तांबडा रस्सा हाणला की मला अँटासिड लागतं, हे मी सहज बोललो. त्यांनी तिथंच थांबवलं: अँटासिड गोळीनंतर २ तासांनी, नाहीतर गोळीच्या ६ तास आधी, एकत्र घेतलं तर औषध अंगाला नीट लागत नाही. हे मला दुसऱ्या कुणीच सांगितलं नव्हतं. टीबीची लक्षणंही दरवेळी विचारतात. भट्टीवर काम करणाऱ्यानं खोकला अंगावर काढू नयेच.

व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, आता सापडत नाही इतका खाली आलाय. तो तसाच राहिला तर संबंधातून बायकोला लागण होत नाही. हे ऐकून ती केंद्रातच रडली.

एका खासगी दातांच्या दवाखान्यानं मात्र मला परत पाठवलं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं असा भेदभाव करता येत नाही, हेही ताईंकडूनच कळलं.

जायचा धीर होत नसेल तर आधी १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन लावा, पैसे पडत नाहीत.