जोडी बसवावी की चौघांचा गट?

मुलांनी एकमेकांबरोबर शिकावं, हे तुम्हाला पटलेलं आहे असं धरून चालतो. प्रश्न त्यापुढचा आहे. बाकं जोडून चार-चार मुलांचे गट करायचे, की दोघा-दोघांच्या जोड्या? बालवाडीच्या मोठ्या गटापासून चौथीपर्यंत मी दोन्ही प्रकार चालवले आहेत आणि आता माझ्या वर्गाची रोजची बैठक जोड्यांची असते. चौघांचा गट टाकाऊ आहे असं मात्र म्हणणार नाही. काही कामं अशी आहेत की तिथे जोडी तोकडीच पडते.

आधी गटाची बाजू. गटांचा वर्ग दिसायला देखणा असतो. बाहेरून कुणी बघायला आलं, की खूश होऊन जातं. शिक्षकालाही सोपं: छत्तीस मुलं असतील तर नऊ ठिकाणी फिरायचं, जोड्यांमध्ये अठरा ठिकाणी. एखादं मूल गैरहजर राहिलं तरी तिघं काम पुढे नेतात. दोघांची जुंपली तर मध्ये पडायला तिसरं कुणीतरी असतं. आणि कल्पना जास्त येतात, हे तर उघडच आहे. गोष्टीचा वेगळा शेवट सुचवायला सांगा, चौघांत एक तरी भन्नाट निघतोच.

गटाच्या बाजूने सगळ्यात जोरकस दाखला एलियट अ‍ॅरन्सन यांच्या ‘जिगसॉ’ पद्धतीचा. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि वातावरण तापलेलं होतं. अ‍ॅरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एकेक दिला. प्रत्येकाने आपला तुकडा इतरांना शिकवला तरच गटाला धडा पूर्ण कळणार. ज्याला कालपर्यंत कुणी विचारत नव्हतं, त्याचं बोलणं कान देऊन ऐकणं भाग पडलं. मुलामुलांमधली तेढ कमी करायची असेल तर याच्या तोडीचं फार थोडं आहे. फक्त ती मुलं पाचवीतली होती, एवढं ध्यानात ठेवावं. सहा वर्षांच्या मुलाने तिघांचं ऐकून लक्षात ठेवायचं, वर स्वतःचा भाग समजावून सांगायचा, हे ओझं जरा जास्तच होतं.

आता माझी अडचण. ऐकायला क्षुल्लक वाटेल. चौघांच्या गटात कागद कुणाला तरी उलटा दिसतो.

टेबलाभोवती चार मुलं समोरासमोर बसली आणि मध्ये एक चित्र, एक कागद किंवा एक पुस्तक ठेवलं, की ते दोघांना सुलटं आणि दोघांना उलटं. मोठ्या माणसाला याचं काही वाटत नाही, आपण उलटी अक्षरंही वाचून काढतो. पण ज्याचं अजून ‘घ’ आणि ‘ध’मध्ये गडबडणं चालू आहे, जो ३ काढताना मधूनच ६ काढतो, त्याच्यापुढे उलटा मजकूर ठेवणं म्हणजे त्याला कामातून बाहेर काढणंच झालं. तो काय करतो? आधी मान वाकडी करतो. मग उठून पलीकडे जाऊन उभा राहतो. मग कुणीतरी ओरडतं, ‘सर, हा जागेवर बसत नाही.’ मग तो जागेवर येऊन खोडरबराचे तुकडे करायला लागतो, आणि आपण वहीत नोंदवतो: लक्ष देत नाही, गटात सहभाग कमी.

त्याचं लक्ष नसतं असं नाही, त्याला दिसत नसतं. एकदा हे डोळ्यांत भरलं, की पुढे प्रत्येक टेबलावर तेच दिसायला लागतं. माझ्या पाहण्यात गटातली ‘गप्प’ मुलं आणि कागदाच्या उलट्या बाजूची मुलं बऱ्याचदा तीच निघाली. जागा बदलून दिली की त्यातली काही बोलायला लागली. हे मोजमाप नव्हे, निव्वळ माझं निरीक्षण. तुमच्या वर्गात वेगळं दिसू शकेल.

यावर उपाय नाहीत असं नाही. प्रत्येकाला वेगळी प्रत द्या. दिली, की चौघं चार प्रतींत डोकं घालून आपापलं काम करतात आणि गट नावापुरता उरतो. इंग्लंडमध्ये १९७०च्या दशकात मॉरिस गॅल्टन आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक वर्गांत बसून तपशीलवार नोंदी केल्या होत्या, त्यातही हेच दिसलं: मुलं बसतात गटाने, काम मात्र बहुतेक वेळ एकेकटी करतात. दुसरा उपाय, चौघांना एका रांगेत बसवा. मग टोकाच्या दोघांना एकमेकांचं ऐकू येत नाही. तिसरा उपाय भूमिका वाटून देण्याचा: एक लिहिणारा, एक साहित्य आणणारा, एक वर्गाला सांगणारा, एक वेळ पाहणारा. या वेळ पाहणाऱ्याबद्दल मला कायम कणव वाटत आली आहे. दुसरीतलं मूल, घड्याळ अजून धड येत नाही, आणि त्याचं काम काय तर भिंतीकडे बघत बसणं.

जोडीत हा प्रश्नच उरत नाही. दोघं शेजारी-शेजारी, कागद दोघांनाही सुलटा. डावखुरं मूल असेल तर त्याला डावीकडे बसवा, म्हणजे कोपराला कोपर लागत नाही. संपली व्यवस्था.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. जिनिव्हात विलेम दुआझ आणि गाब्रिएल म्युनी यांनी मुलांना टेबलावरचं छोटं खेळण्यातलं गाव पुन्हा मांडायला दिलं होतं, आणि मुलांना बसवलं होतं वेगवेगळ्या बाजूंना. एकाला जे डावीकडे ते दुसऱ्याला उजवीकडे. त्यावरून मुलं वाद घालत आणि त्या वादातूनच पुढे सरकत. तेव्हा नकाशा, ठोकळे, मांडणी, दिशा असं काही शिकवत असाल तर समोरासमोर बसवणं कामाचं आहे. पण तिथेही गंमत दोन बाजूंची आहे, त्याला चार मुलं लागत नाहीत.

बोलण्याच्या वेळेचा हिशेब तर सरळ आहे. दहा मिनिटांत जोडीतल्या प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटं येतात, चौघांत अडीच, तीही समान वाटली गेली तर. ती कधीच समान वाटली जात नाहीत. मेरीलँड विद्यापीठातल्या फ्रँक लायमन यांनी १९८१ साली मांडलेला क्रम बहुतेकांना माहीत असतो: आधी स्वतः विचार, मग जोडीदाराशी बोलणं, मग वर्गापुढे सांगणं. त्यातला पहिला टप्पाच बहुतेक वेळा घाईत गाळला जातो. मेरी बड रो यांच्या निरीक्षणात प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत. तेच तीन सेकंदांच्या पुढे नेलं की मुलांची उत्तरं लांबत, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलत. जोडीत हे थांबणं सोपं जातं, कारण हात वर करून ‘सर, सर’ करणारं समोर कुणी नसतं.

नोरीन वेब यांनी मुलांच्या एकत्र कामाचा बरीच वर्षं अभ्यास केला. त्यातून निघालेली गोष्ट मी रोज वर्गात बघतो: समजावून सांगणाऱ्याचं शिकणं वाढतं, आणि नुसतं उत्तर मिळालेल्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही. चौघांत हुशार मूल उत्तर सांगून मोकळं होतं आणि तिघं उतरवून घेतात. जोडीतही हे होतं, नाही असं नाही. म्हणून माझ्याकडे पेन्सिल एकच असते आणि नियम एकच: ज्याच्या हातात पेन्सिल, त्याने स्वतःच्या मनाने काही लिहायचं नाही, दुसरा सांगेल तेच लिहायचं. पुढच्या प्रश्नाला पेन्सिल बदलते. ज्याला येतं त्याला नीट सांगावं लागतं, ज्याला येत नाही त्याला ऐकून करावं लागतं. चौघांत हाच नियम चालवून पाहा. पेन्सिल एकाकडे, सांगणारे तिघं, आणि तिघांचं सांगणं तीन दिशांना.

जोड्यांचे त्रास कमी नाहीत. सगळ्यात पहिला म्हणजे आवाज. एका वेळी निम्मा वर्ग बोलत असतो. मात्र तोंडं जवळ असतात, टेबलापलीकडच्याला हाक मारावी लागत नाही, त्यामुळे गलका माझ्या अंदाजापेक्षा कमी निघाला. दुसरा, जोडी अडली की पूर्ण अडते. चौघांत कुणाला तरी काहीतरी सुचलेलं असतं. यासाठी ‘शेजारच्या जोडीला विचारा’ एवढी मुभा पुरते. तिसरा त्रास गंभीर आहे. दोघांत एक दांडगा असेल तर दुसऱ्याला लपायला जागा नसते. जिथे छळाचा थोडाही संशय आहे तिथे त्या दोघांची जोडी कधीही करू नये, ‘एकत्र बसवलं की सुधारतील’ या आशेने तर मुळीच नाही.

जोड्या लावायच्या कशा, यावर डग्लस आणि लिन फुक्स यांची वाचनासाठीची पद्धत मला सर्वात व्यवहारी वाटते. मुलांची वाचनाच्या क्रमाने यादी करायची आणि ती मधोमध तोडायची. वरच्या भागातला पहिला आणि खालच्या भागातला पहिला ही एक जोडी, दुसरा आणि दुसरा ही पुढची. यात अगदी पुढच्या मुलाला अगदी मागच्याशी बांधलं जात नाही, त्यामुळे एकाचा धीर सुटत नाही आणि दुसऱ्याला न्यूनगंड येत नाही. आधी बरं वाचणारा वाचतो, मग तोच मजकूर दुसरा. वाचक आणि मार्गदर्शक या भूमिका दोघांनाही मिळतात, हे फार महत्त्वाचं. यादी मात्र तुमच्या वहीतच राहू द्या. मुलांना क्रम कळला तर सगळं मुसळ केरात.

सामाजिक वाढीचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. चार मुलं म्हणजे सांभाळायची सहा नाती, जोडीत एकच. सहाची तालीम जास्त चांगली, असं कुणी म्हणेल आणि मी फार वाद घालणार नाही. पण मला दिसतं ते असं, की चौघांत दोघांचं जमतं आणि उरलेले दोघं काठावर राहतात. काठावरच्याला शिक्षकाच्या लक्षात न येता आठवडा काढता येतो. जोडीत वगळायला कुणी उरतच नाही. वाट बघणं, ‘माझं झालं, आता तू’ म्हणणं, असहमत असूनही न रुसणं, ही पहिली पायरी एका माणसाबरोबर पक्की झाली तर चौघांत निभावतं. उलट क्रमाने मला ते जमलेलं दिसलं नाही.

बालवाडीतल्या अगदी लहानांना यातलं काहीच लादू नये. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली लहान मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले होते, त्यात एकमेकांशेजारी बसून आपापलं खेळणं हा एक. तीन वर्षांच्या दोघांना दोन मातीचे गोळे देऊन शेजारी बसवलं तर ती सोबतच असते. त्यांना ‘मिळून एक हत्ती करा’ सांगितलं, की रडारड.

मग चौघं कधी? माझ्याकडे दोन जोड्या एकत्र येतात, तेही दोन्ही जोड्यांचं काहीतरी तयार झाल्यावर. आपलं उत्तर पडताळायला, नाटुकल्याला, मोठं चित्र रंगवायला, प्रयोगाची मांडणी करायला. प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काही असतं, त्यामुळे गप्प राहणारं सहसा कुणी नसतं. तिसरी-चौथीत हे प्रमाण वाढवायला हरकत नाही. तुमचा वर्ग त्याच वयाचा असेल, मुलं एकमेकांना ओळखून असतील आणि टेबलं मोठी असतील, तर तुम्ही गटापासूनही सुरुवात करू शकाल. पहिली-दुसरी असेल तर मी जोडीच सुचवेन.

मुलांची संख्या विषम असेल तर एक तिघांचा गट करावा लागतो, त्याला इलाज नाही. तिथे शांत, समजूतदार तिघं ठेवा आणि दर वेळी वेगळी, नाहीतर दोघं एक होतात आणि तिसरं तक्रार घेऊन तुमच्या टेबलापाशी. कुणी गैरहजर असेल तर त्याचा जोडीदार शेजारच्या जोडीत जातो, हे आधीच सांगून ठेवा. जोड्या काही आठवड्यांनी बदला, पण सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी नको: त्या दिवशी हजेरी हमखास कमी असते आणि केलेली मांडणी दुसऱ्याच दिवशी मोडावी लागते.