ममी खोदून काढायचं किट: घ्यावं का, आणि घेतलं तर कसं वापरावं

प्लास्टरच्या छोट्या पिरॅमिडमध्ये प्लॅस्टिकची ममी पुरलेली असते आणि ती मुलांनी छिन्नी-हातोडीने बाहेर काढायची, अशी किट खेळण्यांच्या दुकानांत आणि ऑनलाइन सहज मिळतात. आठ वर्षांपुढच्या मुलाला जरूर द्या. मात्र नुसतं हातात दिलं तर अर्ध्या तासात ठोकाठोकी होते, ममीचा हात मोडतो आणि खेळ संपतो.

खोदण्याआधी ठोकळ्यावर पेन्सिलीने दोन-दोन सेंटिमीटरचे चौकोन आखा, वहीत तसाच तक्ता काढा. एक चौकोन अर्धा सेंटिमीटर खोल गेला की पुढचा घ्यायचा. काही दिसलं की छिन्नी खाली आणि ब्रश हातात. आधी चित्र आणि नंबर, मग वस्तू उचलायची. पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर यांना इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामुन याची कबर नोव्हेंबर १९२२ मध्ये सापडली, पण ती रिकामी करायला जवळपास दहा वर्षं लागली, त्याचं एक मोठं कारण हीच पद्धत. हे मुलाला खोदताना सांगा, आधी नको.

प्लास्टरची धूळ फार उडते. गॅलरीत वर्तमानपत्र पसरा, मास्क आणि चष्मा लावा, स्प्रेने ठोकळा अधूनमधून किंचित ओलसर करा. पाणी जास्त झालं तर चिखल होतो आणि ममीचा रंगही निघतो. ब्रश बेसिनमध्ये धुऊ नका, भुकटी पाइपात साचते.

खटकणारी गोष्ट म्हणजे पिरॅमिडचा आकार. अशा खेळण्यात तुतनखामुनचा मुखवटा घातलेली ममी असेल तर मूल हमखास समजतं की तो पिरॅमिडमध्ये पुरला होता. त्याची कबर राजांच्या दरीत, खडकात कोरलेली आहे, आणि गिझाचा मोठा पिरॅमिड त्याच्याही बाराशे वर्षं आधीचा.

मुलाचा खरा प्रश्न मात्र वेगळाच असतो: शरीर कुजलं कसं नाही? त्याचं उत्तर किटमध्ये नाही, स्वयंपाकघरात आहे. इजिप्तमध्ये शरीर सुमारे ४० दिवस नेट्रॉनमध्ये सुकवत आणि गुंडाळण्यासह सगळं काम ७० दिवस चाले. नेट्रॉन म्हणजे धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा आणि मीठ यांचं नैसर्गिक मिश्रण. आपला पापडखार त्याच्या जवळचाच. लहान हातांसाठी मात्र खाण्याचा सोडाच वापरा.

सफरचंदाच्या सारख्या आकाराच्या चार फोडी करून प्रत्येकीचं वजन लिहून ठेवा. चार ग्लास घ्या: एकात मीठ, एकात सोडा, एकात दोन्ही निम्मं-निम्मं, एक रिकामा. फोड पूर्ण बुडायला हवी. झाकण लावू नका, आठवडाभर सावलीत ठेवा. सातव्या दिवशी फोडी झटकून पुन्हा तोला, पाणी किती गेलं ते मूल स्वतः वजा करून काढेल. फोडी खायच्या नाहीत, हे आधीच बजावा.

पावसाळ्यात मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि मिश्रण ओलं गिच्च होतं. तिसऱ्या दिवशी बदला. कोकणात सुकट पावसाळ्याआधीच का घालतात, हेही मुलाला इथेच कळेल.

मग एक अख्खं सफरचंद तसंच पुरून बघा. बाहेरून सुरकुतेल, आतला गर मात्र ओलाच राहील, कारण मीठ तिथवर पोचतच नाही. दुसऱ्याचा मधला भाग चमच्याने कोरून पोकळीत मिश्रण दाबून भरा. ते आतूनही सुकायला लागतं. यकृत, फुप्फुसं, जठर आणि आतडी बाहेर काढून वेगळी का सुकवत, ते दोन्ही सफरचंदं शेजारी कापून ठेवली की समजावून सांगावं लागत नाही. हृदय मात्र आतच ठेवत, कारण परलोकात ते मात या सत्य-न्यायाच्या देवीच्या पिसाशी तोललं जाणार, अशी त्यांची श्रद्धा होती.

किटमधली ममी गुंडाळायला जुन्या सुती धोतराच्या दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या पुरतात. पायापासून सुरुवात करा आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवा, म्हणजे पट्टी सुटत नाही.