रोजच स्वस्त की अधूनमधून सेल? मंदीच्या वर्षात डिस्काउंट चेनला काय परवडतं

गिऱ्हाईक हात आखडून खर्च करायला लागलं की चेनवाल्यांना पहिलं सुचतं ते सेल लावणं, आणि खरं सांगायचं तर तिथेच गणित फसतं. 100 ला विकलेल्या वस्तूत 25 सुटत असतील आणि तुम्ही 10 टक्के सूट दिली तर उरतात 15, म्हणजे तेवढाच नफा काढायला जवळपास 67 टक्के जास्त नग खपवावे लागतात. मंदीत एवढं खपतं का हो? वर टॅग बदलायची मजुरी, सेलआधी गोदामात तुंबलेला माल, सेल संपला की ओस पडलेलं दुकान.

रोजच कमी भाव ठेवला तर खप बराचसा सारखा राहतो, त्यामुळे ऑर्डर किती द्यायची ते कळतं, स्टाफ नेमका लावता येतो. पण हे फक्त ज्यांचा खर्चच कमी आहे त्यांना झेपतं. आल्डी ही जर्मन किराणा चेन बघा, मोजक्याच वस्तू, बहुतेक स्वतःच्या ब्रँडच्या, खोक्यासकट शेल्फवर.

सेलची सवय लागलेलं गिऱ्हाईक मात्र एका फटक्यात वळत नाही, अमेरिकेत जेसी पेनी या कपडे-घरसामान विकणाऱ्या चेनने 2012 मध्ये कूपनं आणि सेल जवळजवळ बंद केले आणि त्या एका वर्षात विक्री साधारण 25 टक्क्यांनी पडली.

माझं मत म्हणाल तर किराणा, साबण असल्या रोजच्या मालाला कायम कमी भाव, आणि कपडे वगैरे सीझन संपला की पडून राहणाऱ्या मालालाच सेल, तोही लवकर, रोकड अडकायच्या आत.