चलन तयार झाले म्हणजे कर भरला गेला असे नाही

लग्नपत्रिका, मुंज आणि वास्तुशांतीच्या निमंत्रणांचे नमुने तयार करून मी ते स्वतःच्या संकेतस्थळावरून विकते. ग्राहक पैसे भरून फाइल उतरवून घेतो. अशा डिजिटल विक्रीवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेली की नोंदणी करावीच लागते. ती वेळ आली तेव्हा एका परिचितांच्या शिफारशीवरून मी हे काम एका कर सल्लागाराकडे सोपवले.

या गृहस्थांनी सुरुवातीलाच नोंदणीची ‘सरकारी फी’ घेतली. प्रत्यक्षात जीएसटी नोंदणीसाठी सरकार एक रुपयाही आकारत नाही. ओटीपीचा त्रास मला नको, असे सांगून त्यांनी पोर्टलवर मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचे दिले, त्यामुळे पुढे खात्याकडून येणारी प्रत्येक सूचना त्यांच्याकडेच जात राहिली. सर्व अशिलांचा कर आपण एकत्रच भरतो, या सबबीवर दर महिन्याची कराची रक्कम ते स्वतःच्या बँक खात्यात मागवून घेत आणि दोनच दिवसांत मला कर भरण्याचे चलन पाठवत.

खरी चलाखी या चलनातच होती. ते बनावट नव्हते. पोर्टलवरूनच काढलेले होते आणि त्यावर माझे नाव, महाराष्ट्राच्या २७ या संकेतांकाने सुरू होणारा माझा जीएसटी क्रमांक आणि करांची विभागणी हे सगळे अचूक होते. मात्र चलन कोणीही पैसे न भरता तयार करू शकतो. त्यावर तेव्हा फक्त १४ अंकी सीपीआयएन (चलनाचा ओळख क्रमांक) असतो आणि १५ दिवसांत रक्कम भरली नाही, तर ते चलन निरुपयोगी ठरते. पैसे सरकारजमा झाल्यावरच १७ अक्षरी सीआयएन (पैसे भरल्याचा क्रमांक) मिळतो आणि तो मला आलेल्या एकाही चलनासोबत नव्हता. परदेशस्थ मराठी कुटुंबांकडून परकीय चलनात आलेल्या रकमांवरही त्यांनी १८ टक्के घेतले. वास्तविक निर्यातीच्या अटी पूर्ण होत असतील आणि हमीपत्र दाखल केलेले असेल, तर त्यावर कर भरावा लागत नाही.

हा प्रकार बाहेर आला तो माझे नमुने विकत घेणाऱ्या कोल्हापूरच्या एका छापखान्यामुळे. माझ्या बिलांवरचा कर त्यांच्या जीएसटीआर-२बी मध्ये (खरेदीवर दिलेला कर वजा करून घेण्यासाठी पोर्टलवर मिळणाऱ्या विवरणात) दिसत नाही, असे त्यांनी कळवले. सल्लागारांनी पोर्टलच्या तांत्रिक अडचणीचे कारण दिले. कोणालाही पाहता येणाऱ्या करदाता-शोध सुविधेत माझी सर्व विवरणपत्रे दाखल झालेली दिसत होती, पण तिथे विवरणपत्र शून्य विक्रीचे आहे की खऱ्या आकड्यांचे, हे कळत नाही. शेवटी अधिकारक्षेत्रातील कर अधिकाऱ्यांकडे कागदपत्रे देऊन मोबाइल आणि ईमेल बदलून घेतल्यावर खाते उघडता आले, तेव्हा सगळी विवरणपत्रे शून्याची आणि भरलेल्या पैशांची नोंद असणारी पोर्टलवरची रोख खातेवही रिकामी निघाली.

पैसे कोणी लाटले याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ७६ नुसार ग्राहकाकडून कर म्हणून घेतलेली रक्कम नोंदणीधारकालाच सरकारजमा करावी लागते, त्यामुळे तोच कर मी वार्षिक १८ टक्के व्याजासह दुसऱ्यांदा भरला. छापखान्याची बिले पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या विवरणपत्रात) घातली. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत ती सोय असल्याने त्यांचे नुकसान तेवढे टळले. बँकेचा उतारा, संदेश आणि ती चलने जोडून पोलिसांत तक्रार दिली आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आणि विश्वासघातासाठी कलम ३१६ आहे. त्यातले कोणते लागते, ते तपासात ठरेल.

आता काम दुसऱ्या सल्लागार बाई पाहतात. चलन त्या तयार करतात, पैसे मी माझ्या नेट बँकिंगने थेट भरते, आणि दाखल केलेल्या जीएसटीआर-३बी ची (विक्री आणि कराच्या सारांश विवरणपत्राची) प्रत पोर्टलवरून मी स्वतः उतरवून तिच्यातला आकडा महिन्याच्या विक्रीशी ताडून पाहते.