पिकअपवर हजार लिटरची टाकी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मोसंबीच्या बागेला उन्हाळ्यात पाणी वाहायचं म्हटलं की जालना-अंबडकडे पहिलं नाव निघतं बोलेरो पिकअपचं. बरोबरच आहे. 2523 सीसीचं इंजिन, 1.7 मॉडेलला 1700 किलोचं पासिंग (म्हणजे कायद्याने वाहता येणारं वजन), आणि गावातला मिस्त्री डोळे झाकून खोलतो. पण जुनी घ्यायला गेलं तरी भाव खाली येत नाही. म्हणून इथे टाटा इंट्रा व्ही30 घेतली. इंजिन 1496 सीसी, पासिंग 1300 किलो, हौदा पावणेनऊ फुटांचा. टाकीची गाडी म्हणून ती जमली, पण टाकी 1000 लिटरचीच ठेवली म्हणून.

टाकी लिटरमध्ये विकतात, गाडीचे स्प्रिंग-पाटे मात्र किलो मोजतात. हजार लिटर म्हणजे हजार किलो. टाकीखालची लोखंडी चौकट 70, रिकामी टाकी 25, पंप 30, पाइप-व्हॉल्व्ह 15, वर दोन माणसं 130. झाले 1270. ‘दीड हजारची बसवू, पाऊण भरू’ हा सल्ला सगळ्यात घातक. अर्धवट टाकीत ब्रेक दाबला की पाणी पुढे धडकतं आणि वळणावर गाडीला बाहेर ओढतं. प्लास्टिकच्या टाकीत पाणी अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या टाकता येत नाहीत. टाकी काठोकाठ भरली की पाण्याला हलायला जागाच उरत नाही. शिवाय जादा वजनाचा दंड 20,000 रुपयांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला 2,000.

टाकी उभी न घेता आडवी घ्यावी. वजन खाली राहतं. ती केबिनच्या बाजूला सरकवून, मागच्या एक्सलच्या पुढे बसवायची. मागच्या फाळक्याकडे गेली तर पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टिअरिंग तरंगतं.

चौकटीला 75 मिमीचा सी-चॅनल पुरतो. लांबीत दोन, आडवे तीन, मिळून नऊ-साडेनऊ मीटर. मीटरला सात किलो धरा. चेसिसला वेल्डिंग लावायचं नाही आणि वरच्या-खालच्या पट्टीला भोकंही पाडायची नाहीत. तडा तिथूनच जातो. फॅब्रिकेटर ‘दोन टाके मारतो, हलणार नाही’ म्हणेल, ऐकू नका. 12 मिमीचे यू-बोल्ट, लॉकनट, आणि लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये जुन्या कन्व्हेअर बेल्टची पट्टी. चौकटीचं वेल्डिंग गाडीवरून उतरवूनच करावं. वरच करायची वेळ आली तर बॅटरीची निगेटिव्ह तार आणि ईसीयूचा (इंजिनच्या कंट्रोल युनिटचा) कनेक्टर आधी काढा.

नुसत्या उतारावर पाणी सोडायचा बेत फसतो. टाकीचा तळ जमिनीपासून जेमतेम मीटरभर वर. वीस मीटर पाइप जोडला की टाकी निम्म्यावर येईपर्यंत धार मरते. दोन इंची पेट्रोल पंप लावला तर उलटंच, एवढा झोत की झाडांभोवतीची आळी फुटतात. पंपाच्या तोंडाला टी (तीन तोंडांचा जोड) लावून एक फाटा परत टाकीत सोडला की धार हातात राहते.

भरलेल्या गाडीचं ॲव्हरेज शेतरस्त्यावर बारा-तेराच्या आसपास. तक्रार नाही.

पाऊस पडल्यावर मात्र ही गाडी काळ्या रानात घालायची नाही. वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती पाय न रुतण्याइतकी सुकेपर्यंत, थांबायचं. भरलेली रुतते, रिकामी जागेवर चाकं फिरवते. अडकल्यावर ॲक्सिलरेटर दाबत बसलं की क्लच जळल्याचा वास आधी येतो आणि गाडी नंतर. ओल्या रानात जाणंच भाग असेल तर परतताना टाकीत दीड-दोनशे लिटर राहू द्यावं, मागच्या चाकांना पकड मिळते.

कागदाचं एवढंच, की टाकी कायमची बसवली तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 खाली तो बदल आरसीवर चढवून घ्यावा लागतो. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

यू-बोल्ट पहिल्या 500 किलोमीटरवर आवळा, मग दर महिन्याला. बेल्टची पट्टी दबते आणि नट न फिरताच बोल्ट ढिला होतो. नटावर रंगाची रेघ मारून ‘हलला नाही’ म्हणून सोडू नका, पाना लावूनच बघा.